चिमट्याच्या नटावरची पिवळी रेघ

जगात एक तरी माणूस असा असावा, ज्याने केलेलं काम वाकून तपासावं लागत नाही. माझा असा एक माणूस होता. बायको म्हणते, तो मान तिला द्यायला हवा होता. पण ती हिशेब, भाजी आणि माझं बोलणं स्वतःच दोनदा तपासून घेते, त्यामुळे डोळे मिटून विसंबण्याची मजा तिच्याबाबतीत येत नाही. ती मजा मला दिली माझ्या मिस्त्रीने.

मिस्त्री म्हणजे माझा बालमित्र. परळच्या चाळीत आमची दारं समोरासमोर. त्याचे वडील गिरणीत फिटर होते, माझे तिथेच हजेरी कारकून. मी पुढे विमा कचेरीत चिकटलो आणि हौशी नाटकांतून कामं करू लागलो. त्याने लालबागला गॅरेजचा गाळा टाकला. आमची चाळ पडली, तिथे टॉवर आला, मी बाराव्या मजल्यावर गेलो आणि तो चौदाव्या. त्यामुळे आता तो माझ्या डोक्यावर राहतो, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो.

माझी मोटरसायकल मी नवी कोरी घेतली त्याला सतरा वर्षं झाली. घेतल्या दिवसापासून तिला दुसऱ्या कोणाचा पाना लागला नाही. गाडीच्या एका भागाबद्दल तर आमचं व्रतच होतं. मोटरसायकलचं मागचं चाक दोन लोखंडी हातांच्या बेचक्यात धरलेलं असतं, त्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. हा चिमटा पुढच्या टोकाला एका लांब रॉडवर झुलतो. रॉड सांगाड्यातून आरपार जातो, एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला नट. खड्डा आला की चाक वरखाली होतं ते या रॉडभोवती. आमच्या जुन्या गाडीत तिथे धातूचे बुश, म्हणजे रॉड ज्यात बसतो त्या आखूड नळ्या, आहेत आणि त्यांना ग्रीस लागतं. ग्रीस नसलं तर रॉड गंजतो, बुश झिजतात आणि एक दिवस गाडी वळणावर शेपूट हलवायला लागते.

हे सारं ज्ञान मला मित्रानेच दिलं. बाकीच्यांना सर्व्हिसिंग मिळायचं, मला प्रवचनासहित मिळायचं.

दर वर्षी खंडेनवमीला सकाळी मी गाडी त्याच्या गाळ्यात नेऊन लावायचो. त्याच्या वडिलांनी गिरणीतली रीत गाळ्यात आणली होती. सगळे पाने, पक्कड, हातोडे रॉकेलने धुऊन पुसायचे, पाटावर लाल कापड घालून त्यावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. नारळ फोडायचा मान माझा, कारण नाटकात काम करणाऱ्याचा हात नेमका बसतो असं त्याच्या वडिलांचं मत होतं. मग खोबरं, साखर, पेढा. मी निघताना म्हणायचो, "चिमट्याचं बघ रे."

"तू जा. संध्याकाळी घेऊन जा."

संध्याकाळी गाडी धुतलेली, हँडलला झेंडूचा हार. मित्र हात पुसत यायचा. "चिमटा उतरवला. रॉड काढला, साफ केला, ग्रीस भरलं. आता वर्षभर बघायला नको."

मी बघायचो नाही. बसायचो, किक मारायचो आणि कोपऱ्यावर वळताना मला फरक जाणवायचा. खरंच जाणवायचा. घरी येऊन मी बायकोला सांगायचो, "लोणी झालीय लोणी." दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटताना साऱ्या इमारतीला सांगायचो. आमच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांना चिमटा म्हणजे काय ते माहीत आहे, ते माझ्यामुळे.

तर या वर्षी शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मी बायकोला मागे बसवून परळच्या पुलावरून उतरत होतो. वळणावर गाडीने मागून एक हेलकावा दिला.

बायको म्हणाली, "अहो, ही डुलतेय का?"

"वारा आहे."

"मला वारा लागत नाहीये."

"तू माझ्या आड आहेस."

"इतके रुंद तुम्ही अजून झाला नाहीत. थांबवा, मी चालत येते."

आणि ती खरंच उतरून चालत आली. घरी पोचल्यावर तिने जाहीर केलं की हे डुलणं थांबेपर्यंत ती त्या गाडीवर बसणार नाही. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, समोरच्या गल्लीत चांगला मेकॅनिक आहे. मावशीची स्कूटर तोच करतो."

मी उभा राहिलो. असे प्रसंग मी बसून करत नाही. म्हटलं, "या गाडीच्या चिमट्याला आजवर एकाच माणसाचा हात लागलाय. दुसऱ्याचा लागणार नाही."

अडचण एवढीच होती की तो एक माणूस शिमग्याला गावी गेला होता. कोकणातला माणूस पालखी सोडून चिमट्यासाठी येत नाही. मी त्याला फोन लावला. मागे ढोल वाजत होते.

"अरे, गाडी मागून हलतेय," मी म्हणालो.

"टायरमध्ये हवा बघ."

"बघितली. मला वाटतं चिमट्याचा रॉड. मीच खोलतो म्हणतो. धुळवडीची सुट्टी आहे, धरून तीन दिवस मिळतात."

तो ढोलांपासून लांब गेला. मग म्हणाला, "तुका कोणी सांगितल्यान खोलूक?" तो घाबरला की मालवणीत जातो. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे आणि त्या दिवशी लक्षात आलं नाही.

"तूच इतकी वर्षं सांगतोयस ना कसं करायचं ते. तोंडपाठ आहे मला."

"सांगणं वेगळं, खोलणं वेगळं. मी येईपर्यंत हात लावू नको. पंधरा दिवसांत काय बिघडत नाय."

मला भरून आलं. म्हटलं, बघा, माझ्या गाडीला माझासुद्धा हात लागू नये इतका जीव आहे याचा.

शनिवारी सकाळी मी पार्किंगमध्ये जुना गालिचा अंथरला. वॉचमन आला आणि म्हणाला की इथे गाडी खोलायला सोसायटीची मनाई आहे. मी त्याला सांगितलं की खोलणार नाही, फक्त विचारपूस करणार आहे. तो खुर्ची आणून विचारपूस बघायला बसला. मुलगी हाताशी आली. बायको येणार नाही म्हणाली आणि चहा द्यायच्या निमित्ताने आली ती जिन्याच्या पायरीवर स्थिरावली. मोकळ्या पार्किंगमध्ये आवाज छान घुमतो. मला प्रयोग रंगणार असं वाटू लागलं.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवला. मागच्या ब्रेकची दांडी सोडली, एक्सल ढिला करून चाक ओढून काढलं, चेन बाजूला केली, शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढले. इथपर्यंत मी इतका सफाईने वागलो की वॉचमनने खुर्ची पुढे घेतली. राहिला रॉड आणि त्याचा नट. नटावर चेनच्या तेलाचा आणि सतरा पावसाळ्यांच्या चिखलाचा काळा गोळा होता. मुलीने तो ब्रश आणि रॉकेलने धुवायला घेतला.

"बाबा, ही रेघ कसली?"

नटाच्या कडेवरून निघून सांगाड्यावर उतरणारी एक बारीक पिवळी रेघ होती. अगदी सलग. मला ती माहीत होती, अर्थात मित्राकडूनच. कारखान्यात नट पुरता आवळला की तिथला माणूस नट आणि सांगाडा दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढतो. पुढे नट हलला तर रेघ तुटते.

मी हे सगळं मुलीला मोठ्या थाटात समजावलं.

ती म्हणाली, "मग ही तुटली का नाहीये?"

मी म्हणालो, "काकाने नवी ओढली असेल."

"दर वर्षी? पिवळाच रंग आणून? त्याच जागी?"

"तो फार नीटनेटका आहे."

पायरीवरून आवाज आला, "मागच्या महिन्यात त्याने माझ्या स्टूलचे तीन स्क्रू लावले आणि चौथा खिशात घेऊन गेला."

मी गालिच्यावर आडवा झालो. पाना लावला आणि जोर दिला. नट हलला तेव्हा जो आवाज आला, तो रोज उघडणाऱ्या दाराचा नव्हता. पिवळी रेघ मधोमध तुटली. नटावरचा तुकडा एका बाजूला गेला, सांगाड्यावरचा तिथेच राहिला.

मग रॉड. रॉड येईना. आत गंज सोडवणारं तेल फवारलं, थांबलो. पुन्हा फवारलं. लाकडाचा तुकडा लावून हातोडीने ठोकलं. वॉचमनने ठोकलं. मी दम खात बसलो असताना गावाहून फोन आला.

"खोलतोयस काय?"

"रॉड जाम झालाय रे."

"माका ऐकाक येणा नाय. रेंज नाय हयसर," आणि फोन बंद. आधीचं माझं वाक्य मात्र त्याला नीट ऐकू गेलं होतं.

रविवारी दुपारी रॉड निघाला. मुलीने जुना लोखंडी गज लावून मारलेल्या घावाला तो बोटभर सरकला, मग हातभर, आणि गालिच्यावर पडला. तो विटकरी झाला होता. पापुद्रे सुटत होते. एका ठिकाणी तो झिजून बारीक झाला होता, बोट फिरवलं की खाच लागत होती. बुशमध्ये कोरडी लाल भुकटी होती. ग्रीसचा एक ठिपका नव्हता. नव्या ग्रीसचा नाही, जुन्या वाळलेल्या ग्रीसचाही नाही.

वॉचमन उठून गेटवर गेला. त्याची ती सभ्यता मला फार लागली.

बायको म्हणाली, "चहा आणू का?" तिने टोमणा मारला असता तर मी निभावून नेलं असतं.

मी रॉड हातात घेऊन बसलो आणि तेव्हा, अगदी तेव्हा, ती गोष्ट लक्षात आली. मी फोन काढला. खंडेनवमीचे फोटो मी दर वर्षी आमच्या जुन्या चाळकऱ्यांच्या ग्रुपवर टाकतो, सकाळी पूजेचा आणि संध्याकाळी हारवाल्या गाडीचा. मागच्या वर्षीचा संध्याकाळचा फोटो मोठा करून बघितला. गाडी, हार, शेजारी मी, दात काढून. मागे पाट. पाटावर लाल कापड आणि त्यावर सगळे पाने सकाळी मांडले होते तसेच, प्रत्येकावर एक झेंडू. त्याच्या आदल्या वर्षीचाही तसाच. त्याच्या आदल्याही.

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. दसऱ्याला फुलं उतरवेपर्यंत नाही. हे गिरणगावात वाढलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी स्वतः त्या पान्यांवर फुलं वाहिली, नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि संध्याकाळी त्याच पान्यांनी खोललेला चिमटा समजून गाडी घरी आणली. तीही दर वर्षी. त्याने मला फसवलं हे खरंच. पण त्यासाठी त्याने काही लपवलंसुद्धा नव्हतं. पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून ठेवलं होतं.

आणि ते लोणी? कोपऱ्यावर मला जाणवणारा फरक? धुतलेली गाडी, टायरमध्ये भरलेली हवा आणि बाकीचा सगळा मी.

सोमवारी, धुळवड असूनही अर्धं शटर उघडं ठेवलेल्या लालबागच्या एका दुकानातून नवा रॉड आणि नवे बुश आणले. जुने बुश ठोकून काढले, जागा पुसली, नवे बसवले. ग्रीस बोटाने आत भरलं, रॉडला चोपडलं आणि तो ढकलला. रॉड एका हाताने आत गेला. इतका हलका गेला की मला रडू आलं. मुलगी म्हणाली की डोळ्यात रॉकेल गेलं असेल. मी म्हणालो हो.

पंधरा दिवसांनी मित्र आला तो फणस घेऊन. मी तयारीत होतो. समोरच्या टेबलावर ताट मांडलं होतं. ताटात लाल कापड, कापडावर तो गंजलेला रॉड, त्याला हळदकुंकू आणि वर एक झेंडू. बायकोने बजावलं होतं की नाटक करू नका. मी म्हटलं, सतरा वर्षं एकाने केलं, आता एक प्रवेश माझा.

तो आत आला, त्याने ताट बघितलं आणि फणस खाली ठेवला. बराच वेळ तो ठेवतच राहिला.

"काढलास तर," तो म्हणाला.

"रेघसुद्धा कंपनीची निघाली."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "पहिल्या वर्षी तू बाबांच्या समोर म्हणालास, चिमट्याचं बघ. हत्यारं पुजलेली. बाबांच्या देखत पाना कसा उचलू? आणि तुला नाही कसं म्हणू? नवी गाडी, तू इतका खूश. म्हटलं, आज हो म्हणतो, पुढच्या आठवड्यात बोलावून करून टाकतो."

"मग?"

"मग दसऱ्याला तू सोनं द्यायला आलास आणि बाबांना सांगितलंस, गाडी लोणी झालीय म्हणून. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी कधी ठेवला नव्हता रे. त्यानंतर कसं सांगणार?"

"आणि पुढची सोळा वर्षं?"

"दर वर्षी तू म्हणायचास लोणी. मला वाटायला लागलं, असेल बाबा लोणी."

हे वाक्य मला आवडलं. एरवी मी ते चोरून चार ठिकाणी सांगितलं असतं. माझ्या ओठांवर हसू आलंही. मी ते आतच ठेवलं आणि म्हणालो, "मागे तुझी वहिनी बसायची. पोर पोटात असताना बसलीय. पोर झाल्यावर तिला मांडीवर घेऊन बसलीय."

तो उठला, आत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि बायकोला म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं." ती म्हणाली, "फणस कापून द्या. आमच्याकडे कोणाला येत नाही." त्याने हाताला तेल लावलं आणि तासभर खाली मान घालून गरे काढले. मी खाल्ले. गोड होते, याचा मला रागच आला.

जाताना तो पार्किंगमध्ये थांबला. माझी गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक धरून दोन्ही बाजूंना हलवून बघितलं. काही हललं नाही. "बरोबर बसवलायस," म्हणाला. मग खाली बसून नट बघितला. त्यावर एक नवी पिवळी रेघ होती. मुलीच्या नेलपॉलिशची. त्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला, मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

तो अजूनही माझ्या डोक्यावर राहतो. खंडेनवमीला या वर्षीही गेलो, नारळ मीच फोडला. त्याच्या वडिलांचा फोटो आता भिंतीवर असतो. गाडी घेऊन गेलो नव्हतो. त्याने विचारलं नाही. पेढा देताना हळूच म्हणाला, "दसरा झाला की आण. शनिवारी. समोर बसून बघ."

मी शनिवारी गाडी नेऊन दिली, पण समोर बसलो नाही. तेवढं माझ्याने झालं नसतं, त्याच्यानेही झालं नसतं. चहा प्यायला कोपऱ्यावर गेलो आणि दोन चहा संपवून सावकाश परतलो. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते, गालावर ग्रीसचा फराटा होता. हार नव्हता. गाडी धुतलेलीही नव्हती.

"झालं," तो म्हणाला. बाकी काही बोलला नाही. वर्षभर बघायला नको, असंही नाही.

मी किक मारून निघालो. कोपऱ्यावर वळलो. गाडी छान वळली, पण छान वळली हे कोणाला सांगायची आता सोय राहिलेली नाही. गाळा दिसेनासा झाल्यावर मी गाडी फुटपाथला लावली, उतरलो आणि वाकलो. रेघ तुटलेली होती. बोट लावून बघितलं, नटाच्या कडेने ताजं ग्रीस आलं होतं.

बोट रुमालाला पुसून मी पुन्हा गाडीवर बसलो. काम चोख होतं. मी वाकलो होतो.